काळानुसार बदलणाऱ्या संपर्काचे विश्लेषण : प्रकल्प नोंदी

नोंद १ : ३ फेब्रुवारी

एका कोहॉर्टच्या (ठरावीक काळ पाठपुरावा केलेल्या व्यक्तींच्या गटाच्या) विदेवर, म्हणजे डेटावर, चालवता येईल अशी विश्लेषणाची साखळी या प्रकल्पात तयार करायची आहे. कोहॉर्टमधील व्यक्ती दर महिन्याला तपासणीला येतात, त्यांपैकी काहींना मध्येच केव्हातरी औषध सुरू होते, आणि पाठपुराव्याच्या अखेरीस कोण हयात आहे व कोणाचा मृत्यू केव्हा झाला हे पाहायचे आहे. औषध हा येथे अभ्यासाचा संपर्क (एक्स्पोजर, म्हणजे जिचा परिणाम मोजायचा ती गोष्ट) आहे, पण तो पहिल्या दिवशी ठरत नाही. सगळी अडचण त्यातूनच उभी राहते. मूळ विदा मिळेपर्यंत उघड उपलब्ध विदा आणि स्वतः तयार केलेली कृत्रिम विदा यांवर प्रत्येक पायरी चालवून पाहण्याचे ठरले, कारण कृत्रिम विदेत खरे उत्तर आपणच पेरलेले असते आणि कोड ते परत आणून देतो की नाही हे तपासता येते. आर भाषा आणि तिचे ‘सर्व्हायव्हल’ पॅकेज वापरणार आहोत. दोन्ही विनामूल्य आहेत, त्यामुळे खर्च होईल तो फक्त वेळ.

नोंद २ : ६ फेब्रुवारी

सुरुवात स्टॅनफर्डच्या हृदय प्रत्यारोपणाच्या विदेपासून केली. ती ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमध्येच मिळते. १९६७ पासून प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीवर घेतलेले १०३ रुग्ण तिच्यात आहेत. त्यांपैकी ६९ जणांना हृदय मिळाले. पाठपुराव्यात प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ४५ आणि न झालेल्या ३४ जणांपैकी ३० रुग्ण दगावले.

‘प्रत्यारोपण झाले’ आणि ‘झाले नाही’ असे दोन गट पहिल्या दिवसापासून धरले आणि वय व पूर्वीची शस्त्रक्रिया हे चल घालून कॉक्स प्रारूप (मृत्यूच्या धोक्याची गटागटांत तुलना करणारे प्रारूप) चालवले, तर धोक्याचे गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गटांचा धोका सारखा) सुमारे ०.१८ येते, म्हणजे प्रत्यारोपणाने मृत्यूचा धोका पाचपट कमी केल्यासारखे दिसते. हा आकडा टिकत नाही. हृदय मिळण्यासाठी रुग्णाला ते मिळेपर्यंत जिवंत राहावे लागते, आणि प्रतीक्षेचा तो काळ, ज्यात व्याख्येनेच मृत्यू शक्य नाही, तो आपण प्रत्यारोपणाच्या खात्यात जमा केलेला असतो. यालाच अमर काळाचा बायस म्हणतात. या विदेतला हा दोष मिचेल गेल यांनी १९७२ मध्येच दाखवला होता, आणि काळानुसार बदलणारा चल घेऊन केलेले क्रॉली व हू यांचे विश्लेषण १९७७ चे आहे.

प्रत्येक रुग्णाची प्रतीक्षेची एक ओळ आणि प्रत्यारोपणानंतरची एक ओळ अशी फोड केली की तेच चल घातलेले प्रारूप सुमारे १.०१ हे गुणोत्तर देते. फायदाही नाही आणि तोटाही नाही. रुग्ण तेच, मृत्यू तेच, प्रारूपही तेच. बदलली ती फक्त ओळींची मांडणी. गटातील नव्या सहकाऱ्यांना समजावताना हेच दोन आकडे आधी दाखवावेत असे ठरले.

नोंद ३ : ७ फेब्रुवारी

ओळींची फोड हाताने लिहिलेल्या कोडने केली होती. ती पॅकेजमधील ‘टीमर्ज’ या फलनाने (फंक्शनने) पुन्हा केली, आणि तिथे सकाळ गेली. थांबण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा मोठी असायला हवी, असा इशारा देऊन प्रारूपाने काही ठिकाणी रिकामी मूल्ये भरली. एक रुग्ण नोंदणीच्याच दिवशी दगावला आहे आणि एकाचे प्रत्यारोपण व मृत्यू एकाच तारखेचे आहेत, त्यामुळे शून्य लांबीचे कालखंड तयार होतात. अशा ओळी गाळल्या तर गळणाऱ्या ओळींबरोबर मृत्यूही गळतात आणि तेही सगळ्यात लवकर झालेले मृत्यू, म्हणून गाळणे हा उपाय होऊ शकत नाही. पहिल्या रुग्णाचा मृत्यू अर्ध्या दिवसाने पुढे ढकलला आणि दुसऱ्याचे प्रत्यारोपण अर्ध्या दिवसाने मागे घेतले. दुसऱ्या बाबतीत क्रम वैद्यकीय अर्थाने ठरवावा लागतो: शस्त्रक्रिया मृत्यूच्या आधीच झालेली असणार, म्हणून तो मृत्यू प्रत्यारोपणानंतरच्या ओळीतच पडायला हवा.

पॅकेजमधील तयार तक्त्यात १७२ ओळी आहेत, म्हणजे १०३ अधिक ६९. आपला तक्ता त्याहून थोडा आखूड भरला, कारण ज्यांना नोंदणीच्याच दिवशी हृदय मिळाले त्यांची प्रतीक्षेची ओळच तयार होत नाही. तयार तक्त्यात अशांना एक दिवस वाढवून दोन ओळी दिल्या आहेत. हा फरक उलगडला नसता तर ओळी कुठे हरवल्या याचा शोध पुढे बराच काळ चालला असता. प्रत्येक ‘टीमर्ज’नंतर ‘टीकाउंट’ हा गुणधर्म छापण्याची सवय लावून घ्यावी. किती तारखा कालखंडाच्या आत पडल्या, किती सीमेवर, किती सुरुवातीच्या आधी आणि किती शेवटानंतर, हे त्यात दिसते. ‘सुरुवातीच्या आधी’ या स्तंभात अनपेक्षित मोठा आकडा आला तर बहुतेक वेळा तारखेचे स्वरूप बिघडलेले असते.

आणखी एक: मोजमापाचा चल जोडताना पहिल्या मोजमापापूर्वीचा काळ रिकामा राहतो आणि कॉक्स प्रारूप त्या ओळी गुपचूप वगळते. एकूण व्यक्तिकाल (सर्व व्यक्तींच्या पाठपुराव्याच्या काळाची बेरीज) प्रत्येक पायरीनंतर जुळतो का, हे पाहणारी एक ओळ कोडमध्ये कायमची ठेवली आहे.

नोंद ४ : ११ फेब्रुवारी

आलेखाची मागणी आली. औषध घेतलेले आणि न घेतलेले असे दोन कॅप्लान-मायर वक्र (काळागणिक किती जण हयात राहिले हे दाखवणारे) काढले की अमर काळ मागच्या दाराने परत येतो, कारण भविष्यात काय घडणार आहे यावरून आज गट पाडले जातात. दोन पर्याय चालवून पाहिले. ठरावीक दिवशी, समजा सहाव्या महिन्याच्या अखेरीस, जे हयात आहेत त्यांचीच त्या दिवसाच्या स्थितीनुसार विभागणी करून पुढचा काळ पाहायचा, ही १९८३ मध्ये अँडरसन, केन आणि गेल्बर यांनी मांडलेली पद्धत वाचकाला चटकन समजते, पण त्या दिवसापूर्वीचे मृत्यू हिशेबात येत नाहीत आणि नंतर औषध सुरू झालेले लोक चुकीच्या गटात राहतात. सायमन-मकुच वक्रात लोक गट बदलत जातात; गणित बरोबर असले तरी तो वक्र कोणत्याही एका मानवी समूहाचा जीवनप्रवास दाखवत नाही. अहवालात पहिला आलेख ठेवला आणि दिवस कोणता निवडला हे त्याच्या शीर्षकातच लिहिले. तो दिवस निकाल पाहण्याआधी ठरवायचा.

नोंद ५ : १४ फेब्रुवारी

स्टॅनफर्डच्या विदेत ओळी नीट कापल्या की काम भागले. आपल्या कोहॉर्टमध्ये ते भागणार नाही. तपासणीतला रक्तघटक खालावला की औषध सुरू होण्याची शक्यता वाढते, तोच घटक मृत्यूचा धोकाही सांगतो, आणि आधी घेतलेल्या औषधाने तो स्वतः सुधारतो. त्याला प्रारूपात घ्यावे तर औषधाच्या परिणामाची वाट अडते, न घ्यावे तर औषध आजारी माणसांनाच मिळाल्याचा दोष औषधावर येतो. मल्टिसेंटर एड्स कोहॉर्ट स्टडीतील २१७८ पुरुषांवर झिडोव्ह्युडिन या एचआयव्हीविरोधी औषधाचा परिणाम मोजणारा हर्नान, ब्रमबॅक आणि रॉबिन्स यांचा २००० सालचा लेख याच पेचाचा आहे: सरळ तुलनेत मृत्युदराचे गुणोत्तर ३.६, सुरुवातीच्या घटकांसाठी जुळवणी केल्यावर २.३, आणि भार (प्रत्येक व्यक्तीला कमी-अधिक वजन) देऊन केलेल्या मार्जिनल स्ट्रक्चरल प्रारूपात ०.७.

हे आकडे कोणालाही पटकन पटत नाहीत, म्हणून संगणक बाजूला ठेवून कागदावर एक काल्पनिक तक्ता तयार केला. त्यात औषधाचा मृत्यूवर काडीचाही परिणाम नाही, असे मुद्दाम ठरवले.

४००० व्यक्ती घेतल्या. पहिल्या भेटीत निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून औषध दिले. प्रत्येक निम्म्यात १००० व्यक्ती मुळात नाजूक प्रकृतीच्या आणि १००० सुदृढ आहेत, पण हे संशोधकाला दिसत नाही. नाजूकांपैकी ६० टक्के आणि सुदृढांपैकी २० टक्के मरतात, औषध असो वा नसो. दुसऱ्या भेटीआधी रक्तघटक मोजला. औषध न मिळालेल्यांत तो नाजूकांपैकी ८०० आणि सुदृढांपैकी ४०० जणांचा खालावला; औषध मिळालेल्यांत अनुक्रमे ६०० आणि २०० जणांचा. दुसऱ्या भेटीत घटक खालावलेल्यांपैकी ७५ टक्के आणि न खालावलेल्यांपैकी २५ टक्के व्यक्तींना औषध दिले.

आता दोन्ही भेटींत औषध घेतलेले आणि एकदाही न घेतलेले यांची तुलना करू. दोन्ही वेळा घेतलेले ९०० आहेत आणि त्यांतले ४०० दगावले, म्हणजे ४४.४ टक्के. कधीच न घेतलेलेही ९०० आहेत आणि त्यांतले ३२० दगावले, म्हणजे ३५.६ टक्के. ज्या औषधाचा परिणाम शून्य आहे ते जवळजवळ ९ टक्के बिंदूंनी घातक ठरले.

रक्तघटकाच्या स्तरानुसार वेगळे केले तर खालावलेल्यांत ५० टक्के विरुद्ध ४६.७ टक्के आणि न खालावलेल्यांत ३३.३ टक्के विरुद्ध ३० टक्के. फरक घटला, पण दोन्ही स्तरांत ३.३ टक्के बिंदूंचा तोटा शिल्लक राहिला, आणि विदा कितीही मोठी केली तरी तो जाणार नाही. औषध घेऊनही ज्याचा घटक खालावला तो माणूस नाजूक असण्याची शक्यता अधिक असते (६००/८००), औषधाशिवाय खालावलेल्यांत ती कमी असते (८००/१२००). स्तर पाडताना आपण नकळत नाजूक माणसे औषधाच्या बाजूला जास्त गोळा केली.

भार देऊन काय होते ते पाहू. व्यक्तीला जे मिळाले (औषध किंवा औषधाविना राहणे) ते मिळण्याच्या संभाव्यतेने १ ला भागले की तिचा भार मिळतो. दोन्ही वेळा औषध घेतलेल्यांत घटक खालावलेले ६०० आहेत. त्यांना दुसऱ्या भेटीत औषध मिळण्याची संभाव्यता ०.७५, म्हणून ते ८०० जणांचे प्रतिनिधित्व करतात आणि त्यांतले ३०० मृत्यू ४०० होतात. न खालावलेले ३०० आहेत; त्यांची संभाव्यता ०.२५, म्हणून ते १२०० होतात आणि त्यांतले १०० मृत्यू ४०० होतात. एकूण २००० मध्ये ८०० मृत्यू, म्हणजे ४० टक्के. कधीच न घेतलेल्यांत ३०० चे १२०० आणि १४० मृत्यूंचे ५६०, तर ६०० चे ८०० आणि १८० मृत्यूंचे २४०. इथेही २००० मध्ये ८००. फरक शून्य.

रॉबिन्स यांच्या १९८६ च्या जी-सूत्रानेही (प्रत्येक स्तरातील मृत्युप्रमाणाची त्या स्तराच्या वाट्यानुसार सरासरी) तेच मिळते: नेहमी औषध घेतल्यास ०.४ × ०.५० + ०.६ × ०.३३३ = ०.४०, आणि कधीच न घेतल्यास ०.६ × ०.४६७ + ०.४ × ०.३० = ०.४०. हा तक्ता आता साखळीचा पहिला चाचणी-संच आहे. कोडमध्ये कोणताही बदल केला की आधी तो चालतो आणि उत्तर शून्य आले नाही तर पुढची पायरी सुरूच होत नाही.

नोंद ६ : १९ फेब्रुवारी

मासिक नोंदींची मोठी कृत्रिम विदा तयार करून तिच्यावर भार काढले. पहिल्या फेरीत काही भार शेकड्यांत गेले आणि निकाल मूठभर व्यक्तींच्या हातात गेला. कारणे एकाहून अधिक निघाली.

एकदा सुरू झालेले औषध बंद होत नाही असे आम्ही धरले आहे. मग सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांत औषध चालू असण्याची संभाव्यता १ असते आणि भार तिथेच गोठायला हवा. पण संभाव्यतेचे प्रारूप सगळ्या ओळींवर बसवले जात होते, त्यामुळे मागच्या महिन्यातील औषधावरून या महिन्याचे औषध जवळपास अचूक ओळखता येत होते आणि ज्या महिन्यात औषध नव्याने सुरू होते त्याची संभाव्यता अतिशय लहान येत होती. प्रारूप फक्त अजून औषध सुरू न झालेल्या ओळींवर बसवल्यावर बहुतेक राक्षसी भार गेले. दुसरे कारण महिन्याचे. प्रत्येक महिन्याला स्वतंत्र पातळी दिली होती, आणि ज्या महिन्यांत कोणाचेच औषध सुरू झाले नाही तिथे प्रारूप शून्य संभाव्यतेकडे ओढले जात होते. त्याऐवजी थोड्या गाठींचा स्प्लाइन (तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र) वापरला.

तिसरी गोष्ट भारांच्या आकारात दिसली नाही, उत्तरात दिसली. स्थिर केलेल्या भाराच्या अंशात १ ऐवजी दुसरी एक साधी संभाव्यता असते; तिच्यात सुरुवातीचे घटक घेतले होते, पण मृत्यूच्या अंतिम प्रारूपात ते नव्हते. असे केले की सुरुवातीच्या घटकांमुळे होणारा गोंधळ (कन्फाउंडिंग, म्हणजे त्यांचा परिणाम औषधाच्या परिणामात मिसळणे) भाराने जात नाही आणि प्रारूपानेही जात नाही. अंशात जे घेतले ते अंतिम प्रारूपात असलेच पाहिजे.

स्थिर भारांची सरासरी १ च्या आसपास हवी, हे सर्वत्र लिहिलेले आढळते. ती एकूण विदेवर एकदा न पाहता महिन्यागणिक पाहावी. आमच्या एका फेरीत एकूण सरासरी ठीक होती आणि शेवटच्या महिन्यांत ती घसरत चालली होती. भार पहिल्या आणि नव्व्याण्णवाव्या शततमकावर छाटण्याचा रिवाज आहे. छाटल्याने प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चितता) घटते आणि गोंधळ थोडा परत येतो, त्यामुळे न छाटलेला निकाल आणि छाटण्याच्या दोन-तीन पातळ्यांवरील निकाल शेजारी शेजारी देणेच प्रामाणिक वाटते. ज्यांना औषध देताच येत नाही अशा व्यक्ती विदेत असतील तर मात्र छाटणी हा उपाय नव्हे. त्यांना पात्रतेच्या निकषातच बाहेर ठेवावे लागते.

नोंद ७ : २० फेब्रुवारी

मूळ विदेचा आराखडा मिळाला. रक्तघटकाला दोन तारखा आहेत: नमुना घेतल्याची आणि अहवाल आल्याची. आजवरच्या कोडमध्ये नमुन्याची तारीख धरली होती. औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांनी अहवाल पाहून घेतलेला असतो, तेव्हा नमुन्याच्या तारखेने जोडले तर निर्णयाच्या प्रारूपाला डॉक्टरांना तोवर न कळलेली गोष्ट कळलेली असते. कृत्रिम विदेत अहवालाला उशीर घालून दोन्ही पद्धती चालवल्या. नमुन्याच्या तारखेने उत्तर पेरलेल्या किमतीपासून सरकले, अहवालाच्या तारखेने ते जागेवर आले. आता नियम असा आहे की कोणत्याही ओळीतील प्रत्येक चल त्या ओळीच्या सुरुवातीच्या क्षणी संबंधित निर्णयकर्त्याच्या हाती असलाच पाहिजे.

चुकलेल्या भेटींचा प्रश्नही याच नियमाने सुटला. शेवटचे मोजमाप पुढे ओढणे ही पद्धत इतरत्र बदनाम आहे आणि ती बदनामी बहुतेक वेळा रास्तही आहे. पण येथे डॉक्टरांच्याही समोर तेच जुने मोजमाप होते, म्हणून निर्णयाच्या प्रारूपापुरते ते योग्य आहे. फक्त मोजमाप किती महिने जुने आहे हा चलही सोबत घेतला.

नोंद ८ : २६ फेब्रुवारी

अंतिम प्रारूप मासिक लॉजिस्टिक रिग्रेशनचे (दर महिन्याच्या मृत्यूच्या संभाव्यतेचे) ठेवायचे की भार दिलेल्या कॉक्सचे, यावर चर्चा झाली. २००० च्या सुमारास काळानुसार बदलणारे भार कॉक्समध्ये घालण्याची सोय नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, म्हणून लॉजिस्टिकचा मार्ग रूढ झाला. आज आरमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा भार देता येतो. मासिक मृत्यूची संभाव्यता लहान असली की दोन्ही उत्तरे जवळपास सारखी येतात, आमच्याकडेही आली. लॉजिस्टिक ठेवले, कारण त्यातून जगण्याचे वक्र काढणे सोपे जाते.

एकाच व्यक्तीच्या अनेक ओळी असल्याने साधी प्रमाण त्रुटी चालत नाही. व्यक्तीनुसार गट धरून काढलेली रोबस्ट त्रुटी वापरली. ती भार अंदाजित आहेत हे विचारात घेत नाही आणि विश्वासांतर (अंदाजाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा) थोडे रुंद देते. बूटस्ट्रॅपही (विदेतून पुन्हा पुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजण्याची पद्धत) चालवला, आणि तिथे सर्वाधिक वेळ गेला. नमुना ओळींचा न घेता व्यक्तींचा घ्यायचा आणि प्रत्येक फेरीत भार नव्याने काढायचे, एवढे पाळूनही विश्वासांतर अवाढव्य येत होते. एखादी व्यक्ती नमुन्यात दोनदा आली की दोन्ही प्रतींचा क्रमांक एकच राही, आणि भारांचा गुणाकार क्रमांकानुसार होत असल्याने एका प्रतीचा भार दुसरीत मिसळत असे. नमुना घेताच प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक दिल्यावर विश्वासांतर रोबस्ट त्रुटीच्या जवळ आले. कोड कुठेही थांबत नाही आणि इशाराही देत नाही, म्हणून ही गोष्ट शोधायला कठीण.

नोंद ९ : ४ मार्च

दुसऱ्या गटाने हीच साखळी कामाच्या ठिकाणच्या धुळीसाठी वापरता येईल का, असे विचारले. ओळी कापण्याचा भाग जसाच्या तसा चालतो. एकूण मात्रा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीपर्यंतचीच जोडायची. संपूर्ण नोकरीतील बेरीज पहिल्या दिवसापासून चिकटवली तर जास्त काळ जगलेल्यांचीच मात्रा जास्त दिसते. विलंबकाळ (संपर्क आणि त्याचा परिणाम यांमधला काळ) धरायचा असेल तर संपर्काच्या तारखा पुढे सरकवायच्या आणि मधला व्यक्तिकाल न गाळता जुन्या मात्रेवर ठेवायचा. किरणोत्साराच्या अभ्यासांत रक्ताच्या कर्करोगासाठी २ आणि घन अर्बुदांसाठी (गाठींच्या कर्करोगांसाठी) १० वर्षांचा विलंब धरण्याची पद्धत आहे.

भार देण्याचा भाग मात्र तिथे चालणार नाही, असे कळवले. प्रकृती बिघडलेले कामगार नोकरी सोडतात, आणि नोकरी सोडलेल्याला धुळीचा संपर्क येण्याची संभाव्यता शून्य असते. शून्याने भागून भार काढता येत नाही. निरोगी कामगार टिकून राहण्याचा हा परिणाम जी-सूत्राने किंवा जी-अनुमान या त्याच प्रकारच्या दुसऱ्या पद्धतीने हाताळावा लागतो.

नोंद १० : ७ मार्च

आमच्या कृत्रिम विदेवर जी-सूत्रही पूर्ण चालवले. त्याला रक्तघटकाचे प्रारूप लागते, भाराच्या पद्धतीला औषध देण्याच्या निर्णयाचे. दोन्हींची गृहीतके वेगळी असल्याने उत्तरे जुळली तर थोडा धीर येतो आणि न जुळली तर कुठे पाहायचे ते कळते. रक्तघटक रेषीय धरला तेव्हा ती जुळली नाहीत, आणि दोष जी-सूत्राच्या बाजूला होता. वक्र संबंध घातल्यावर जुळली. मूळ विदा पुढील आठवड्यात येईल. तिच्यावर पहिल्या दिवशी मृत्यूचा स्तंभ उघडायचा नाही. ओळी कापणे, एकूण व्यक्तिकाल जुळवणे, आणि महिन्यागणिक भारांची सरासरी व टोके छापणे, एवढेच करायचे. भारांचे प्रारूप गोठल्यावर तो स्तंभ जोडायचा.